यादीत न मावणारे स्वीडिश

अमेरिकेत स्थलांतरितांवरून वाद पेटला की दोन्ही बाजू एकच यादी पुढे करतात. लोखंडी युद्धनौका बांधणारा जॉन एरिक्सन, एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग, प्लुटोनियमच्या शोधातला ग्लेन सीबोर्ग, झेरॉक्सचे तंत्र काढणारा चेस्टर कार्लसन, पँटच्या नि बॅगेच्या चेनला आजचे रूप देणारा गिडियन सुंडबॅक, चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन, कवी कार्ल सँडबर्ग. सगळे स्वीडिश, नाहीतर स्वीडिशांची मुले-नातवंडे. स्थलांतराचे विरोधक म्हणतात, असे लोक येणार असतील तर आमची ना नाही. समर्थक म्हणतात, बघा, बाहेरून आलेल्यांनी या देशाला किती दिले. मागच्या दिवाळीत शिकागोहून आलेल्या एका स्नेह्याने हीच नावे माझ्यापुढे घडाघडा म्हटली आणि वर सांगितले, आपल्या लोकांचीही अशी यादी तिथे सतत लोकांपुढे राहिली पाहिजे, तरच आपल्याला कोणी हात लावणार नाही. त्या रात्री मला त्याला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. माझे म्हणणे असे की कर्तबगारांच्या यादीने कोणत्याही समाजाची लायकी ठरत नाही आणि कोणाचा हक्कही राखला जात नाही. याची सर्वांत बोलकी साक्ष स्वीडिश-अमेरिकनांच्याच इतिहासात आहे.

सुरुवात एरिक्सनपासून करू, कारण यादीत तो पहिला असतो आणि तिथे असण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. स्वीडनच्या व्हर्मलांड प्रांतात १८०३ मध्ये तो जन्मला. अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात असताना त्याच्या 'मॉनिटर' नौकेने ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया' या चिलखती जहाजाला रोखले. पाण्याला जवळजवळ टेकलेली सपाट डेक, मध्ये गरगर फिरणारा तोफांचा बुरूज, आणि हे सारे ब्रुकलिनच्या गोदीत साधारण शंभर दिवसांत उभे केलेले. लाकडी युद्धनौकांचे दिवस भरले हे जगाला त्या दिवशी कळले. अशा माणसापुढे हात जोडावेत. पण १८६२ च्या आधीचा एरिक्सन यादीत कुठे असतो? १८२९ मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलच्या इंजिन शर्यतीत त्याचे 'नॉव्हेल्टी' हे इंजिन बंद पडले आणि स्टीफन्सनचे 'रॉकेट' जिंकले. पुढे लंडनमध्ये कर्ज फेडता आले नाही म्हणून तो तुरुंगात गेला. १८३९ मध्ये अमेरिकेत आला. १८४४ मध्ये 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर प्रात्यक्षिक चालू असताना तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री दोघेही जागच्या जागी ठार झाले. ती तोफ एरिक्सनची नव्हती, नौकेच्या कप्तानाने करवून घेतलेली होती. तरी ठपका आला तो या परदेशी माणसावर, आणि नौदलाने त्याचे कामाचे पैसेही अडकवले. त्या साली कोणी विचारले असते की या स्वीडिश माणसाचा देशाला काय उपयोग, तर उत्तर काय आले असते? दिवाळखोर, हरलेला, संशयित. 'मॉनिटर' पाण्यात उतरायला अजून अठरा वर्षे होती. ती अठरा वर्षे त्याला मिळाली, कारण त्याला देशात ठेवण्यासाठी दरवर्षी त्याच्याकडून कर्तबगारीचा दाखला कोणी मागितला नाही. १८८९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन युद्धनौकेतून त्याचा देह सन्मानाने स्वीडनला नेण्यात आला. यादी लिहिणाऱ्याला तेवढी मिरवणूक दिसते.

मुळात या यादीत कोण बसतो हे ठरवायचे कोणी? गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. १६३८ मध्ये स्वीडनने डेलावेअर नदीकाठी 'नवे स्वीडन' ही छोटी वसाहत टाकली आणि १६५५ मध्ये डचांनी ती घेतली. तिथल्या 'स्वीडिश' वसाहतकऱ्यांतले बरेच जण जातीचे फिनिश होते, जंगल जाळून शेती करणारे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन मॉर्टन त्यांच्याच वंशातला, म्हणून फिनिश लोकही त्याला आपला म्हणतात आणि स्वीडिशही. १७८१ मध्ये काँग्रेसचा अध्यक्ष झालेला मेरिलँडचा जॉन हॅन्सन तर पिढ्यान् पिढ्या स्वीडिश म्हणून मिरवला गेला. पुढे वंशावळी तपासणाऱ्यांनी दाखवून दिले की त्या घराण्याचा स्वीडनशी संबंध सिद्ध होत नाही. १८९८ मध्ये मिनेसोटातल्या केन्सिंग्टनजवळ ओलोफ ओमान या स्वीडिश शेतकऱ्याच्या जमिनीत स्कँडिनेव्हियातल्या जुन्या रून लिपीतला शिलालेख सापडला. त्यावरचे साल १३६२, म्हणजे कोलंबसाच्याही १३० वर्षे आधीचे! भाषा आणि लिपी जाणणाऱ्या बहुतेक विद्वानांनी तो एकोणिसाव्या शतकातला बनाव ठरवला, तरी गावोगावच्या लोकांनी तो उराशी धरला. त्या लोकांना हसण्याची माझी इच्छा नाही. थंडीत हाडे गोठवत ज्यांनी नांगर धरला, त्यांना 'आम्ही इथले उपरे नाही' असे सांगणारा एक दगड हवाहवासा वाटणे मी पुरते समजू शकतो. पण आपले असणे सिद्ध करा असा तगादा मागे लागला की साधी, प्रामाणिक माणसेसुद्धा खोट्या आधारांना कशी लोंबकळतात, हे तो दगड सांगतो.

आता यादीतल्या मोठ्या नावांकडे पाहू. अर्ल वॉरनची आई स्वीडनमध्ये जन्मली, वडील नॉर्वेत. सरन्यायाधीश म्हणून त्याने १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. विसाव्या शतकातल्या अमेरिकन न्यायाचा तो मानबिंदू. पण याच वॉरनने १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाचा महाधिवक्ता असताना जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत हलवण्याची बाजू हिरिरीने घेतली होती. त्या छावण्यांत सुमारे १ लाख २० हजार माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक होती. नंतर त्याला याचा पश्चात्ताप झाला. पुढे सरन्यायाधीश झालेल्या विल्यम रेनक्विस्टचे आजी-आजोबा स्वीडनहून आले होते. वॉरनने १९५४ मध्ये निकाली काढलेले प्रकरण न्यायालयापुढे होते त्या सुमारास, १९५२ मध्ये, तरुण रेनक्विस्टने एका न्यायमूर्तींचा मदतनीस म्हणून टिपण लिहिले होते. वेगळ्या शाळांना मान्यता देणारा जुना निकालच बरोबर आहे, असे त्यात म्हटले होते. ते मत आपले नव्हे, न्यायमूर्तींचे होते, असे त्याने नंतर सांगितले आणि त्यावर आजही वाद आहे. मग स्वीडिश रक्त कोणत्या बाजूला होते? निकालाच्या की टिपणाच्या? लिंडबर्गच्या १९२७ च्या उड्डाणाचे श्रेय स्वीडिश चिकाटीला द्यायचे, तर सप्टेंबर १९४१ मध्ये डी मॉइनच्या सभेत ज्यूंवर बोट ठेवून त्याने केलेल्या भाषणाचे अपश्रेय कोणाच्या खात्यावर? सीबोर्गने ज्याच्या शोधात हात घातला ते प्लुटोनियम नागासाकीवर पडले. आणि जपानवर बॉम्ब थेट टाकू नका, आधी त्याचे प्रात्यक्षिक दाखवा, असे सांगणाऱ्या जून १९४५ च्या शास्त्रज्ञांच्या अहवालावर त्याच सीबोर्गची सहीही आहे. एका माणसाचा हिशेब इतका गुंतागुंतीचा असतो. अशा शंभर माणसांची बेरीज करून तिला एका समाजाचे नाव द्यायचे, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

यावर एक प्रतिवाद आहे आणि तो पोकळ नाही. तो असा: एकेकट्या नावांचे सोडा, पण सरासरीने हे लोक वर आलेच ना? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नावावर एक किस्सा सांगतात. एक स्कँडिनेव्हियन अर्थतज्ज्ञ त्यांना अभिमानाने म्हणाला, आमच्याकडे गरिबी नाही. त्यावर ते म्हणाले, अमेरिकेतही स्कँडिनेव्हियनांमध्ये गरिबी नाही. म्हणजे यश व्यवस्थेतून आले नाही, लोकांच्या अंगच्या संस्कारातून आले. यात मान्य करण्यासारखे बरेच आहे. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च-कायद्यापासून पाद्री घरोघर जाऊन वाचनाची परीक्षा घेत. पहिले मोठे स्थलांतर सुरू झाले तेव्हा गरीब कुळाच्या पोरालाही छापलेले वाचता येत होते. त्या काळात ही केवढी शिदोरी! आपल्याकडे त्याच काळात जोतीराव-सावित्रीबाई मुलींसाठी शाळा काढत होते आणि त्यांच्या अंगावर शेण फेकले जात होते, हे आठवले की तिचे मोल कळते. ती शिदोरी मी नाकारत नाही.

पण संस्कार एवढे सर्वशक्तिमान होते, तर त्याच संस्कारांची माणसे स्वतःच्या देशात उपाशी का होती? १८६७ ते १८६९ च्या दुष्काळात स्वीडनमधल्या खेड्यांत लोक पिठात झाडाची साल मिसळून खात होते. वाचता येत होते, तरी खायला नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १२ लाख माणसे त्या लहानशा देशातून अमेरिकेला गेली. त्यांतले साधारण पाचातले एक जण परतले आणि परतणाऱ्यांची यादी कोणी करत नाही. १९०७ मध्ये स्वीडिश सरकारला जाग आली आणि गुस्ताव सुंडबार्य यांच्या देखरेखीखाली स्थलांतराची प्रचंड चौकशी सुरू झाली. ती १९१३ पर्यंत चालली आणि तिचे खंडच्या खंड निघाले. मला या चौकशीचे अपार कौतुक वाटते. गेलेल्यांत केवढे बुद्धिमान होते, असले काही ती मोजत बसली नाही. माणसे का गेली, हे गेलेल्यांनाच विचारले आणि त्यांची पत्रे मागवली. उत्तरे आली ती जमिनीच्या तुकड्यांची, सक्तीच्या लष्करी नोकरीची, मताचा अधिकार नसल्याची, साहेबापुढे टोपी काढून उभे राहण्याची. एका देशाने आपल्याच माणसांबद्दल एवढा सरळ प्रश्न विचारल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

आणि अमेरिकेने तरी त्यांना पहिल्या दिवसापासून 'आदर्श' मानले होते का? बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात खऱ्या गोऱ्या लोकांची मोजदाद केली आहे. त्यात स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, रशियन यांच्या जोडीने त्याने स्वीडिशांनाही सावळ्या वर्णाचे ठरवून बाहेर ठेवले! आज जगभर गोरेपणाचा नमुना म्हणून ज्यांचे चित्र काढतात, त्या लोकांना. पुढे अमेरिकन बोलीत 'मठ्ठ स्वीड' ही शिवीच झाली. पहिल्या महायुद्धात आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये फर्मान काढले की सार्वजनिक ठिकाणी, चर्चमध्ये, शाळेत, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. रोख जर्मनांवर होता, पण स्वीडिश भाषेत प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्यांचीही वाचा बसली. त्याच वर्षी लिंडबर्गचे वडील, माजी काँग्रेस सदस्य, मिनेसोटाच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवत होते. युद्धाला विरोध केला म्हणून त्यांचे पुतळे फासावर लटकवले गेले. नऊ वर्षांनी त्यांच्याच मुलाला न्यूयॉर्कने डोक्यावर घेतले. माणसे तीच होती, संस्कार तेच होते. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर.

मग त्यांना वर आणले कशाने? शिदोरी होतीच, पण तिच्या जोडीला जमीन होती आणि उघडे दार होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. ती जमीन रिकामी नव्हती. त्याच वर्षी मिनेसोटात तिथल्या मूळनिवासी डकोटा लोकांशी युद्ध झाले. करारात कबूल केलेले पैसे आणि धान्य न मिळाल्याने उपाशी राहिलेले डकोटा उठले. वस्त्यांवरच्या हल्ल्यांत स्वीडिश शेतकरी कुटुंबेही मारली गेली. शेवटी २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली गेली आणि पुढच्या वर्षी त्या लोकांना राज्याबाहेर घालवले. स्वीडनच्या स्मालंड प्रांतातून आलेल्या भुकेल्या शेतकऱ्याने हे कारस्थान रचले नव्हते. तरी त्याच्या यशाच्या कहाणीत ही जमीन आहे, आणि ती गाळून 'कष्टाने वर आले' एवढेच सांगणे अप्रामाणिक आहे. दाराचेही तसेच. १८८० च्या दशकात स्वीडिश स्थलांतराची सर्वांत मोठी लाट आली; त्याच दशकात, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने दार लावले. चिनी मजूर काय कमी कष्टाळू होते? रेल्वेचे रूळ कोणी घातले होते?

इथे आपला संबंध थेट येतो. १९२३ मध्ये अमेरिकेतले भारतीय भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद होता तो वंशाचा: आपण आर्य आहोत, उच्च जातीचे आहोत, म्हणून गोऱ्यांत मोडतो. न्यायालयाने तो फेटाळला आणि म्हटले, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही. मग आधी मिळालेली भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा सुरू झाला. त्यात थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही पाळी आली. ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. या वेळी निकाल फिरला तो साध्या तत्त्वावर: न्यायालयाने रीतसर दिलेले नागरिकत्व सरकारला मागाहून असे हिसकावता येत नाही. वंशाचा दाखला हरला आणि हक्काचा युक्तिवाद टिकला. माझ्या स्नेह्याने हे दोन खटले शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

तरी तो म्हणेल, स्वीडिशांची यादी त्यांच्या कामी आलीच ना? १९२४ च्या स्थलांतर कायद्याने स्वीडनला वर्षाला ९,५६१ जागा दिल्या. भारताच्या नावावर १०० होत्या, त्याही नागरिकत्वाला पात्र असणाऱ्यांसाठी, म्हणजे थिंद निकालानंतर आपल्या माणसांना एकही नाही. पण पुढे पाहा. १९२७ मध्ये लिंडबर्ग पॅरिसला उतरला, जगातला सर्वांत लाडका माणूस ठरला. आणि १९२९ मध्ये नवे गणित लागू झाले तेव्हा स्वीडनच्या जागा ३,३१४ वर आल्या. दोन वर्षांपूर्वीचा जयजयकार कोणी मोजला नाही. आकडे ठरवणाऱ्यांना लिंडबर्गशी देणेघेणे नव्हते.

या सगळ्यात ज्यांची संख्या खरोखर मोठी होती, त्या बायका कुठे आहेत? शिकागोतल्या आणि मिनियापोलिसमधल्या श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत हजारो स्वीडिश मुली राबत होत्या. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर स्वीडनमधली घरे चालली, धाकट्या भावंडांची जहाजाची तिकिटे निघाली. कोकणातल्या घरांनी मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट कशी पाहिली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आज याच नातलगांच्या साखळीला अमेरिकेत तुच्छतेने नाव ठेवतात. पाच डॉलर खिशात घेऊन आलेला आणि पुढे सिॲटलमध्ये चपला-बुटांचे दुकान काढणारा जॉन नॉर्डस्ट्रॉम, किंवा मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणीतले काम सुटल्यावर १९१४ मध्ये खाणमजुरांना १५ सेंटांत मोटारीने नेऊ लागलेला आणि त्यातून ग्रेहाउंड ही बस कंपनी उभी करणारा कार्ल विकमन, आजच्या व्हिसाच्या रांगेत टिकले असते का? पदवी नाही, इंग्रजी नाही, बोलावणारी कंपनी नाही.

आपल्या यादीची गोष्ट याच्या उलट आहे आणि म्हणून ती आणखी फसवी आहे. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला आणि आपले लोक मोठ्या संख्येने जाऊ लागले ते डॉक्टर, अभियंते, संशोधक म्हणून, चाळणीतून निवडून. चाळणीतून आलेल्यांची सरासरी उंच असणारच. ती उंची दाखवून आपण इतरांपेक्षा बरे स्थलांतरित आहोत असे सांगू लागलो, तर एल साल्वादोरमधून आलेल्या भांडी घासणाऱ्या बाईला आपण आपल्याच हाताने दाराबाहेर ढकलतो. आणि उद्या चाळणीची भोके बारीक झाली की आपल्याच मावसभावालाही. हे मी रागाने म्हणत नाही. माझीही माणसे तिथे आहेत आणि त्यांचे यश मला प्रिय आहे. मुलांना अभिमान वाटावा म्हणून घरी सत्या नडेलांचे नाव जरूर सांगावे. हक्काच्या दारात उभे असताना मात्र ते नाव ओळखपत्रासारखे पुढे करू नये.

मला स्वीडिश-अमेरिकनांत सर्वांत जवळची वाटते ती मेरी अँडरसन. १८७२ मध्ये स्वीडनमधल्या लिडशोपिंगजवळ जन्मली. १८८९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आधी गेलेल्या बहिणीच्या पाठोपाठ अमेरिकेत आली, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते. मिशिगनमधल्या लडिंग्टनला लाकूडतोड्यांच्या खाणावळीत ती भांडी घासू लागली. मग शिकागोच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे बुटांचे वरचे चामडे शिवले, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत उभी राहिली. १९२० मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यात स्त्रियांसाठी वेगळा विभाग निघाला, तेव्हा त्याची प्रमुख म्हणून तिला नेमले. १९४४ पर्यंत ती त्या खुर्चीवर होती. चोवीस वर्षे तिने कारखान्यांतल्या, धुलाईघरांतल्या, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतल्या बायकांचे कामाचे तास आणि मजुरी मोजली. त्या कोणत्या देशाहून आल्या यावरून तिने त्यांची प्रतवारी लावली नाही. लडिंग्टनच्या त्या खाणावळीत तिच्या शेजारच्या मोरीवर आणखी कोणी मुलगी उभी असेल, तर ती पुढे कोण झाली हे कुठे लिहिलेले नाही. तिलाही दार तेवढेच उघडे होते.